ढगे सरांच्या हातातली सुपारी

ढगे सर इंग्रजीचा शब्द नुसता पाठ करू देत नसत. "वाक्यात सोताला घाल, मग अर्थ कळंल," असं म्हणत आणि डुलक्या घेणाऱ्याच्या डोक्यावर खडू फेकत. नेम असा, की शेजारच्याला कधी लागला नाही. सोनपेठजवळच्या आमच्या गावातली निम्मी पोरं त्यांच्या धाकानं इंग्रजी शिकली, आणि उरलेल्या निम्म्यांनी त्याच धाकानं शाळा बुडवली.

बारावीच्या हिवाळ्यात त्यांनी फळ्यावर 'मॅरी' लिहिलं. वर्ग खिदळला. सर म्हणाले, "हसू नका. हे क्रियापद तिघं वापरतेत. नवरा-नवरी लग्न करतेत. बाप लेकीचं करून देतो. भटजी दोघांचं लावतो. शब्द एकच. म्हणून कोण बोलायलंय ते आधी बघा." मग प्रत्येकानं एक वाक्य लिहून आणायचं ठरलं. मी लिहिलं, माझे वडील मे महिन्यात माझं लग्न करून देणार आहेत.

सरांनी बरोबरची खूण केली, पण वही परत देईनात.

"नुसतं वाक्य हाय का खरं?"

"खरं हाय."

"आन् तुला काय पायजे?"

"नर्सिंगला जायचंय, सर."

"मग हे मला सांगून काय उपेग? बापाला सांग."

ते मला जमणारं नव्हतं. माझ्या वडिलांना, अण्णांना, समोरून काही सांगायची आमच्या घरात रीतच नव्हती. चहा झालाय हेसुद्धा आई दाराआडून बांगड्या वाजवून कळवायची.

फेब्रुवारीत पाहुणे सुपारी फोडायला आले. आमच्याकडे सुपारी फुटली की सोयरीक पक्की. मग मागं फिरलं की दोन्ही घरांची अब्रू जाते. सरांचा हात गुणाचा, म्हणून गावातल्या बहुतेक सुपाऱ्या तेच फोडत. अण्णांनी मोठ्या मानानं त्यांनाच बोलावलं होतं. मला नुकतंच अठरावं सरलं होतं, त्यामुळे कायद्यालाही बोट ठेवायला जागा नव्हती. कुंकू लावून मला पाटावर बसवलं.

सरांनी बत्ता उचलला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, फोडू का?"

नवऱ्या मुलाचा मामा उसनं हसत म्हणाला, "सर, पोरीला काय इचारायलाव? मुहूर्त चाललाय."

"चालू द्या. मला घाई न्हाई."

अण्णांच्या कपाळाची शीर उडायला लागली. "सर, माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

"म्हणूनच इचारायलोय."

चहावर साय धरली. कोणी खाकरलं, कोणी उठून पुन्हा बसलं. सर बत्ता धरून तसेच. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही, डोळ्यानं खूणसुद्धा केली नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. सगळं माहीत असून हा माणूस माझ्या वतीनं एक शब्द बोलत नाही! त्या रागातच तोंडातून निघून गेलं, "न्हाई फोडायची. मला शिकायचंय."

सरांनी सुपारी ताटात ठेवली, अण्णांना हात जोडले आणि चपला घालून निघाले.

अण्णांनी शेवटी मला परीक्षेला बसू दिलं. सरांशी मात्र ते पुन्हा कधी बोलले नाहीत. गावानंही सरांना सुपारीला बोलावणं बंद केलं. "ढगे सर फोडत न्हाईत, मोडतेत," असं लोक म्हणत. सर ते हसण्यावारी नेत; पण भर लग्नसराईत पारावर एकटेच बसलेले मी त्यांना पाहिलंय, आणि तेव्हा मला फार अपराधी वाटायचं.

पुढं परभणीला माझं नर्सिंग झालं, नोकरी लागली. सर निवृत्त होऊन पूर्णेला लेकाकडे गेले होते. मी पेढे घेऊन त्यांना भेटायला गेले, तेव्हा न राहवून विचारलं, "सर, त्या दिवशी मी बोललेच नसते तर?"

"फोडली असती," सर म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. करत नव्हते.

"तुझ्या तोंडचं 'न्हाई' मी कुठून आणू, बाई?"