चासीची बुजवलेली भोकं

गॅरेजमधल्या लिफ्टचा लोखंडी हात चासीत घुसला आणि गाडी उजवीकडं कलली. मी ओरडलो तसं सलीमभाईनं बटण सोडलं. गाडी जेमतेम वीतभर उचलली होती म्हणून निभावलं. सलीमभाई माझा जुना फोरमन. हजारो गाड्या लिफ्टवर चढवलेला माणूस, पण त्या वेळी तो गाडीकडं न बघता स्वतःच्या बोटाकडं बघत होता.

"पॅड नीट बसलं होतं का?" मी विचारलं.

"नीटच बसलं होतं. लोखंडच आत गेलं."

बारामतीत माझं गॅरेज आहे. मोठ्या, सात-आठ सीटच्या जुन्या एसयूव्ही आमच्याकडं जास्त येतात. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की तिची दुखणी ठरलेली असतात. शॉकअब्झॉर्बर जातात, बुश म्हणजे सांध्यांमधले रबर झिजतात, टर्बो ऑइल टाकायला लागतो, एसी दर उन्हाळ्यात पैसे मागतो. ही गाडी चौदा वर्षांची. स्टेअरिंग फिरवलं की खालून कट कट आवाज येतो, एवढीच तक्रार होती. मी फोनवरच सांगून टाकलं होतं, "बॉल जॉइंट असतील, बुश असतील. बारा-चौदा हजारांत मोकळे व्हाल." न बघता आकडा सांगायची खोड मला आहे. बहुतेक वेळा तो बरोबरही येतो, त्यामुळं ती गेली नाही.

गाडी कळसच्या भगवानतात्यांची. तात्या सत्तरीचे, अंगात स्वच्छ पांढरा सदरा, आणि गाडी सदऱ्यापेक्षा स्वच्छ. ते समोर स्टुलावर चहा पीत बसले होते. त्यांना वाटलं, लिफ्ट बिघडली.

मी खाली वाकलो. चासी म्हणजे गाडीचा सांगाडा. अशा गाडीला खाली दोन लांब लोखंडी पेट्या असतात, आतून पोकळ. इंजिन, बॉडी, चाकं सगळं त्यांच्यावर टेकलेलं असतं. बाहेरून काळा रंग चकचकीत होता. मी स्क्रूड्रायव्हर टेकवून नुसता दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मग मी पुढं सरकलो. स्टेअरिंगचा डबा याच पेटीला बोल्टांनी बसवलेला असतो. ड्रायव्हर चाक फिरवतो ते या डब्यामार्फत टायरपर्यंत पोचतं. तिथं टॉर्च मारली. एक बोल्ट मोकळा लोंबत होता. बाकीचे पत्र्याच्या पापुद्र्यावर उभे होते आणि त्या पापुद्र्यालाही चीर गेली होती. कट कट आवाज तिथून येत होता. एखादा मोठा खड्डा लागला असता, तर डबाच सुटला असता. स्टेअरिंग हातात राहिलं असतं आणि गाडी तिला वाटेल तिकडं गेली असती.

"तात्या, आज गाडीतून कोण आलं?"

"रोजचंच. आमची नात आन वस्तीवरच्या आठ पोरी. कॉलेजला सोडल्या. साडेचारला न्यायच्यात. तवर हुईल न्हवं?"

तात्यांची वस्ती डांबरी रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, वाट सगळी उसातनं. एवढं अंतर पोरींनी एकट्यानं चालत जायचं म्हटलं, की घरचे नाही म्हणायचे. म्हणून तात्यांनी स्वतः ही गाडी सुरू केली. पैसे कुणाकडून घेत नाहीत. नऊ पोरी आणि तात्या, रोज जाऊन-येऊन, या चासीवर.

"गाडी आता इथून हलायची नाही," मी म्हणालो. का ते सांगितलं. त्यांना वाकवून चीर दाखवली. त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं.

"सकाळी भिगवण रस्त्याला ट्रकला ओव्हरटेक केला मी," ते म्हणाले आणि खाली बसले.

आता मला राग आला होता. चौदा वर्षांत चासी एवढी सडत नाही, आणि तीही आपल्या कोरड्या मुलखात. काहीतरी केलेलं असणार. टॉर्च फिरवली तर पेटीच्या तळाची भोकं दिसेनात. चासीच्या तळाला कंपनीनंच भोकं ठेवलेली असतात. वरून शिरलेलं पाणी तिथून गळून जातं. इथं भोकांच्या जागी सिमेंट होतं, आणि सिमेंटमध्ये काचेचे तुकडे. सलीमभाईनं छिन्नी लावून एक बूच फोडलं. आधी कुजक्या चिंध्या आल्या, मागून तांबडं पाणी. बादली अर्धी भरली. तात्या दर आठवड्याला विहिरीच्या मोटारीचा पाइप लावून गाडी धुतात. ते पाणी वरच्या फटींतून पेटीत जात होतं आणि आतच साचत होतं.

"हे कुठल्या शहाण्यानं करायला सांगितलं तुम्हाला?" माझा आवाज चढला होता.

तात्यांनी माझ्याकडं पाहिलं. "तुमीच की मिस्त्री."

"मी?"

"तीन वर्सं झाली. ऊस तुटला, रानातलं उंदीर गाडीत शिरलं, समदं वायरिंग खाल्लं. तुमी नवं घातलं आन म्हणाला, तात्या, गाडीची सगळी भोकं बुजवून घ्या. मी खाली निजून एक एक बुजवलं. उंदराच्या बिळात घालतो तसं काचा घालून. एक बी ठिवलं न्हाय."

मला आठवलं. तो हंगाम तसाच होता. तोड झाली की उंदरांना रान उरत नाही आणि ते गाड्यांच्या बॉनेटमध्ये येतात. रोज दोन-तीन वायरिंगची कामं येत होती. मी बोलत होतो ते इंजिनच्या मागच्या पत्र्यातल्या, वायरी जातात त्या भोकांबद्दल. पण तसं म्हणालो नव्हतो. घाईत होतो. सगळी बुजवून घ्या, एवढंच म्हणालो होतो. सलीमभाई छिन्नी घेऊन दुसऱ्या गाडीकडं निघून गेला. मला तोंड कुठं लपवावं कळेना.

"आणखी कुणाला सांगितलंत का हे?"

"समद्या वस्तीला. बारामतीच्या मिस्त्रीनं सांगितलंय म्हणून."

साडेचारला मी माझी गाडी काढली. दोन खेपांत पोरी घरी पोचवल्या. पुढच्या सीटवर अश्विनी नावाची मुलगी होती, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची. तिनं खोदून खोदून विचारलं. बाहेरून का दिसलं नाही? रंग तसाच कसा राहिला? मी सांगितलं तसं ती म्हणाली, "म्हणजे काका, भोक हा पार्टच होता." इतक्या वर्षांत हे मी कुणाला एवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरींना कॉलेजला सोडून मी आणि सलीमभाई छिन्नी-हातोडी घेऊन वस्तीवर गेलो. आणखी तीन गाड्यांना सिमेंट होतं. दोन वेळेत सापडल्या. तिसऱ्या पिकअपची मागची पेटी बोटानं फुटली. तिचा मालक त्याच दिवशी माल भरून पुण्याला निघणार होता. तो मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तात्यांच्या गाडीचा हिशेब असा. चासी बदलायची तर बॉडी उचलायची, इंजिन काढायचं, चासीवर कोरलेल्या नंबरासाठी आरटीओची परवानगी घ्यायची. सगळं मिळून दोन लाखांच्या पुढं. गाडीची किंमत त्याहून कमी. खर्च माझा, असं मी म्हणालो.

"मग तुमचं काय ऱ्हाईल?" तात्या म्हणाले. "आन ठिगळ मारून चालंल का?"

स्टेअरिंगच्या जागी ठिगळ चालत नाही. आतला पत्राच उरला नसेल तर वेल्डिंग धरणार कशाला? मी नाही म्हणालो. गाडी भंगारात गेली. तात्या सोबत गेले नाहीत.

पुढं महिनाभर मी आणि सलीमभाईनं आळीपाळीनं पोरींची ने-आण केली. काही दिवस कामात अडकलो, खाडे पडले. तात्यांनी मला आधीच बजावलं होतं, "चार दिस खाडा पडला की बाप म्हणत्यात, ऱ्हाऊ दे घरीच." मग तात्यांनी आणि मी मिळून एक जुनी व्हॅन घेतली. तिची चासी मी स्वतः ठोकून बघितली.

आता गॅरेजमध्ये मी गिऱ्हाइकाला नुसतं सांगत नाही. त्याला बुजवायच्या भोकावर बोट ठेवायला लावतो, खडूनं गोल करतो, आणि तळाच्या भोकांना हात लावायचा नाही म्हणून दोनदा बजावतो. लोक हसतात. हसू देत. मिस्त्रीचं म्हणणं किती मनापासून पाळलं जातं, हे मिस्त्रीला माहीत नसतं.

व्हॅन पहिल्या दिवशी वस्तीवर गेली तेव्हा सात पोरी बसल्या. नऊतल्या दोघी नव्हत्या, त्यांतली एक अश्विनी. मी तिच्या घरी गेलो. वडील म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. पंधरा दिवसांनी परत गेलो. या वेळी चहा तिनंच आणून दिला. घरात पाहुणे होते, लग्नाची तारीख काढत होते. ती दारापर्यंत सोडायला आली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, माझी सीट दुसऱ्या कुणाला तरी द्या."