कडीमावशींचं दार

रविवारी सकाळी कडीमावशी कुणाला झोपू देत नसत. इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरी पिळून पिळून हात असे दणकट झालेले, की त्यांनी एका घराची कडी वाजवली की शेजारचेही जागे होत. नाव त्यावरूनच पडलं. घरातून त्या एकट्याच निघायच्या. आधी न्हाव्याचं दार, मग शिक्षिकाबाईंचं, मग रस्त्यावरची बाकीची. दारागणिक माणसं वाढत जायची आणि चर्चच्या पायऱ्यांशी पोचेपर्यंत चांगला घोळका व्हायचा.

न्हाव्याला अंथरूण सुटत नसे. देव काय घरूनही ऐकतो, असं तो पांघरुणातूनच सांगायचा. मावशींचं उत्तर ठरलेलं. "ऐकतो ना. पण वर एकटाच गेलास तर दारातच विचारतील, बाकीचे कुठे आहेत? काय सांगशील? झोपलेत?" आतून बायको हसायची, आणि न्हावी शर्टाची बटणं रस्त्यात लावायचा.

हे शहाणपण मावशींनी प्रवचनातून उचललेलं नव्हतं. मोठी चादर एकट्याने घडी करायला गेलं की टोक जमिनीला लागतं आणि ती पुन्हा धुवावी लागते. पलीकडची टोकं धरायला कुणीतरी हवंच. विश्वासाचंही तसंच असणार, असं त्या धरून चालल्या होत्या.

मग एक दिवस त्याच धुलाईखान्याच्या ओल्या फरशीवर त्या घसरल्या. घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये गेला. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. खालची शेजारीण भाजी-किराणा आणून द्यायची, पण ती काही चर्चच्या मंडळीतली नव्हे. पहिल्या रविवारी मावशी धुतलेले कपडे घालून, बायबल मांडीवर घेऊन दाराकडे तोंड करून बसल्या. चौघांनी खुर्चीसकट उचललं तर जमण्यासारखं होतं. उपासनेची वेळ टळून गेली. पुढच्या रविवारीही तेच. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी कपडे बदलायची तसदी घेतली नाही.

चर्चचे पाळकसाहेब आले ते मधल्याच एका वारी, न्हाव्याला सोबत घेऊन, घामाघूम होऊन. बरीच शोधाशोध करून शेवटी इस्पितळातून पत्ता मिळवला होता. तेव्हा कुठे मावशींच्या लक्षात आलं की त्यांचं घर मंडळीत कुणाला ठाऊकच नव्हतं. सगळ्यांची दारं त्यांनी वाजवली. त्यांचं दार वाजवायची पाळी कुणावर आलीच नव्हती. मावशींना कुणीतरी भेटून आलं असेल असं जो तो समजत होता, असा खुलासा न्हाव्याने मान खाली घालून केला. पाळकसाहेबांनी लांबलचक प्रार्थना केली. आपण सगळे एकाच शरीराचे अवयव आहोत, एक दुखला की सगळे दुखतात, असं तिच्यात होतं. मावशींनी प्लास्टरकडे पाहिलं आणि आमेन म्हटलं.

निघताना न्हावी म्हणाला, "मावशी, या रविवारी तयार राहा. चौघं येतो आणि खुर्चीतून राणीसारखं नेतो तुम्हाला."

"उठशील?"

"म्हणजे काय!"

रविवारी त्या पुन्हा कपडे करून बसल्या. दार सताड उघडं ठेवलं, म्हणजे कुणाला शोधावं लागायला नको. जिन्यावर पावलं वाजली ती दूधवाल्याची.

न्हाव्याने नंतर बायकोकरवी निरोप धाडला. चौघं त्याच्याच घरून निघणार होते, पण त्याला जागच आली नाही. बाकीच्या तिघांचंही तसंच झालं. उठवायला कुणी नव्हतं ना.

प्लास्टर निघालं. त्यानंतरच्या रविवारी मावशी काठी टेकत बाहेर पडल्या. न्हाव्याच्या दाराशी सवयीने हात कडीकडे गेला. कडीला बोटं लागली, तसा त्यांनी हात मागे घेतला आणि त्या पुढे चालू लागल्या. शिक्षिकाबाईंच्या खिडकीचे पडदे ओढलेले होते. त्याही दाराशी त्या थांबल्या नाहीत.

पाळकसाहेब चर्चच्या दारातच उभे होते. त्यांच्या पाठीमागे रिकामी बाकं दिसत होती. मावशींना पाहून त्यांचा चेहरा खुलला, आणि लगेच नजर त्यांच्या मागच्या रस्त्यावर गेली.

"या, मावशी. बाकीचे कुठे आहेत?"

"झोपलेत," मावशी म्हणाल्या, आणि कठडा धरून एकेक पायरी चढू लागल्या. पाळकसाहेब रस्त्याकडेच बघत राहिले.