पहिल्या पोत्याचा नंबर

देसाई शेठ फोनवर हॅलोसुद्धा म्हणाले नाहीत. "मॅडम, तुमचं यंत्र पिसाळलंय, येऊन बांधून न्या," म्हणाले आणि फोन ठेवून दिला. बोलताना त्यांच्या मागं प्रिंटरची किरकिर चालू होती, आणि ती काही थांबत नव्हती.

देसाई शेठची आजऱ्याला राईस मिल आहे. मी कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत वजनकाट्यांना जोडायचे प्रोग्रॅम लिहिते. सी भाषेत, गेली बावीस वर्षं. शिवाय दर शनिवारी नवख्या पोरापोरींना सी शिकवते. म्हणजे माझ्याकडं दुप्पट अक्कल असायला पाहिजे. त्या आठवड्यात ती कुठं गेलती कोण जाणे.

आमचं यंत्र तसं गरीब आहे. तांदळाचं पोतं काट्यावर चढतं. मुकादम कीबोर्डवर पोत्याचा नंबर टाकतो. प्रोग्रॅम काट्यावरचं वजन घेतो आणि प्रिंटर चिठ्ठी काढतो. ती पोत्याला शिवायची, झालं. नवीन गाडी लागली की नंबर पुन्हा एकपासून. चुकीचा नंबर टाकला तर 'नंबर चुकला, पुन्हा टाका' असं स्क्रीनवर येतं. आमचे साहेब, चौगुले, यांचा आग्रह असा की ते कागदावरही छापलं पाहिजे, कारण उद्या भांडण झालं तर पुरावा लागतो. तर तो पुरावा आता मिलमध्ये रोलच्या रोल बाहेर पडत होता.

शेठनी रोगाचं निदानही करून ठेवलेलं. ते स्वतः बसले की यंत्र नीट चालतं, मारुतीमामा बसले की पिसाळतं. म्हणजे दोष मामांचा. मारुतीमामा हे तिथले मुकादम. तीस वर्षं त्या मिलमध्ये पोती मोजतात, आणि एका पोत्याचा फरक कधी पडला नाही असं शेठच सांगायचे. तरी सोमवारपासून मामांना काट्यावरून उठवून गेटवर बसवायचं ठरलेलं.

चौगुले साहेबांना हे निदान फार आवडलं. "जा, बघितल्यासारखं करा, सर्व्हिस रिपोर्टवर ऑपरेटरची चूक लिहा आणि संध्याकाळच्या आत परत या," म्हणाले. मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला बोलू? ऑफिसात मी तो प्रोग्रॅम शंभर वेळा चालवला होता. एक, दोन, तीन, चार. गाईसारखा चालला. एस.टी.त बसल्या बसल्या मी रिपोर्टचे वरचे रकाने भरूनसुद्धा टाकले. दोष कुणाचा, या रकान्यापुढं दोनच चौकोन छापलेले होते, यंत्र आणि ऑपरेटर. दुसऱ्या चौकोनात मी पेन्सिलीनं बारीक खूण केली.

मिलमध्ये पोचले तर मामा काट्याजवळ उभे होते, टोपी हातात. प्रिंटरपुढं कागदाचा ढीग पडलेला. तो त्यांनीच गोळा करून नीट घडी घालून ठेवला होता. मला बघून म्हणाले, "मॅडम, माज्या हाताला मशीन सोसना झालंय. गेटवरच बसतो मी. तुमचं नाव खराब नगं."

हे ऐकून मला कसंतरीच झालं. मी म्हटलं, मामा, गेटचं मागनं बघू, आधी मला करून दाखवा. सकाळी काय केलं, अगदी तसंच.

नवीन गाडी लागलेलीच होती. हमालांनी पहिलं पोतं काट्यावर ठेवलं. मामांनी टोपी घातली, पोत्याला हात लावून कपाळाला लावला आणि मोठ्यानं म्हणाले, "लाभ." मग चष्मा खाली ओढून कीबोर्डवर एक बटण शोधलं, दाबलं, एंटर मारलं. त्यांनी दाबलेलं बटण एल होतं.

प्रिंटर सुटला. नंबर चुकला, पुन्हा टाका. नंबर चुकला, पुन्हा टाका. मामांनी घाईनं हात मागं घेतला. मी वायर ओढली.

"मामा, एल का दाबलं?"

"लाभचा एल न्हवं व्हय? सातवीपातूर इंग्रजी शिकलोय की. पयल्या मापाला एक कोण म्हणतंय, मॅडम? लाभ म्हणायचं, मग दोन, तीन. आन् तुम्हीच सांगून गेलाय, तोंडानं म्हणता तेच बोटानं टाका."

सांगितलं होतं. शब्द न् शब्द माझा. मामांना यंत्र शिकवायच्या दिवशी पहिलं पोतं मी स्वतः टाकून दाखवलं होतं, एक म्हणून. मामांनी दोनपासून पुढं टाकलं, म्हणून त्या दिवशी काहीच दिसलं नाही. शेठ स्वतः बसले की तेही सरळ एक टाकायचे. आणि मी काय परदेशातनं आलेली नव्हे. लहानपणी आमच्या घरीही जोंधळा मापताना वडील लाभ म्हणूनच सुरुवात करायचे. ऑफिसात खुर्चीवर बसले की मी एक म्हणायला लागते, एवढाच फरक.

आता आत काय झालं ते सांगते. सीमध्ये बोलायचं काम प्रिंटएफ करतो आणि ऐकायचं काम स्कॅनएफ. मी स्कॅनएफला सांगून ठेवलं होतं की आकडाच घे. दारात उभं राहिलं एल. आकडा नाही म्हटल्यावर स्कॅनएफनं त्याला आत घेतलं नाही, पण हाकललंही नाही. पावणं दारातच उभं. प्रोग्रॅम म्हणाला नंबर चुकला, पुन्हा टाका, आणि परत दारात बघायला गेला. तिथं तेच पावणं. हे असं कागद संपेपर्यंत चालतं. मामांनी बटण एकदाच दाबलं होतं, बाकीचा सगळा गोंधळ माझ्या प्रोग्रॅमचा.

आणि यातली खरी शरमेची गोष्ट पुढंच आहे. आपल्याला किती आकडे मिळाले हे स्कॅनएफ दर वेळी परत सांगतो. एक मिळाला तर एक, नाही मिळाला तर शून्य. ते तपासा, ते तपासा म्हणून मी दर शनिवारी पोरांच्या कानीकपाळी ओरडते. न तपासणाऱ्याला उभं करते. आणि स्वतः मात्र तपासलं नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच.

लॅपटॉप उघडला आणि तिथंच पोत्यावर बसून दुरुस्ती केली. आता प्रोग्रॅम आधी अख्खी ओळ आत घेतो, मग तिच्यात आकडा शोधतो. नसला तर ओळ टाकून देतो आणि एकदाच विचारतो. दारात कुणी ताटकळत नाही. वर आणखी दोन ओळी घातल्या, पहिल्या पोत्याला एल आलं तर ते एक समजायचं. शेठ मागं येऊन उभे होते. म्हणाले, त्यापेक्षा मामालाच एक टाकायला शिकवा की. मी म्हटलं, "शेठ, तुमच्या मिलचं पहिलं माप लाभ न म्हणता घ्यायचं का? तुम्ही सांगा, लगेच काढते." शेठ चहा सांगायला गेले.

मामांना परत बसवलं. हात पोत्याला, हात कपाळाला, "लाभ," एल, एंटर. प्रिंटरनं एक चिठ्ठी काढली. मामा दोन्ही हात पुढं करून पुढचा कागद झेलायच्या तयारीत वाकून राहिले. कागद आला नाही. मग ते हळूच सरळ झाले, माझ्याकडं बघितलं आणि मिलभर ऐकू जाईल असं ओरडले, "दोन."

गेटवर आजही दुसराच माणूस बसतो.

रिपोर्टवरची पेन्सिलीची खूण मी खोडली. दोन्ही चौकोनांत खरं उत्तर नव्हतं, म्हणून पेनानं तिसरा चौकोन काढला, पुढं प्रोग्रॅमर लिहिलं आणि खूण करून खाली सही केली. चौगुले साहेबांनी दोन दिवस तो रिपोर्ट फाईलला लावला नाही. तिसऱ्या दिवशी निपाणीच्या एका गिऱ्हाईकाला फोनवर सांगत होते, आमच्या काट्याला लाभसुद्धा कळतं, खास सोय केली आहे.

शनिवारी पोरांना सगळं सांगितलं. मागच्या बाकावरच्या एकीनं शांतपणे विचारलं, "मग मॅडम, आता तुम्ही उभ्या राहणार का?"

उभं राहूनच शिकवलं त्या दिवशी, दोन तास.