आतल्या खोलीचा झरोका

गंगाखेडला माझी बदली झाली तेव्हा निजामाच्या नोकरीत मला चार वर्षं झाली होती आणि मुलगी दोन वर्षांची होती. दोघांनाही बोलता येत होतं, पण आमचं बोलणं कोणी फारसं मनावर घेत नव्हतं. कचेरीत माझं काम वरून आलेल्या उर्दू हुकुमांच्या नकला करून गावोगाव धाडायचं. अक्षर चांगलं असल्यामुळे हुकुमात काय लिहिलंय ते वाचायची गरज मला कधी पडली नाही.

भाड्यानं मिळालेलं घर पांढऱ्या मातीचं होतं. भिंती हातभर जाड, वर मातीचं सपाट माळवद, रस्त्याकडे एक खोली, तिच्यामागे दुसरी. आतल्या खोलीला लागून घरमालकाचा गोठा, त्यात दोन बैल आणि एक म्हैस. मधली भिंत छतापर्यंत पोचलेली नव्हती, त्यामुळे म्हशीचं रवंथ आम्हाला फुकट ऐकायला मिळे. घरमालक किराणा दुकानदार, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग. सगळे त्यांना अप्पा म्हणत, मीही म्हणू लागलो.

"लय थंडगार घर हाय, मुन्शीसाब," अप्पांनी पहिल्या दिवशी सांगितलं. "उन्हाळ्यात बाहेर निघू वाटायचं न्हाई."

"आणि हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात ऊब."

"पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तुमी कचेरीतच असताव की."

स्वतःच्या मालाची इतकी तयार उत्तरं ज्याच्याकडे असतात त्या माणसाचा मला संशय येतो. तो तेव्हाच आला. पण बायकोला घर आवडलं आणि तिची आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्याबरोबर राहायला आल्या होत्या त्यांना तर फारच. त्या भागात बाळंतीण आणि लहान मूल यांची जागा घरातल्या सगळ्यांत अंधाऱ्या खोलीत. वारं लागू नये, येणाऱ्या-जाणाऱ्याची नजर पडू नये. आमची आतली खोली या हिशेबानं उत्तम होती. भर दुपारीही तिथं ठेवलेला तांब्या चाचपून शोधावा लागे. सासूबाई, बायको आणि मुलगी तिथं झोपत. मी अंथरूण घेऊन माळवदावर जाई, पाऊस आला तर बाहेरच्या खोलीत.

पावसाळा सरला आणि आश्विनात मुलीला ताप येऊ लागला. एक दिवस ताप, एक दिवस बरी. तापाच्या दिवशी दुपारी नमाजाची बांग झाली की तिचे ओठ निळसर पडत, अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजत. मग अंग भाजून निघे, मग घाम, मग झोप. दुसऱ्या दिवशी ती अंगणात कोंबड्यांमागे धावे आणि आम्ही तिच्याकडे बघत उद्याची वाट पाहू. आमच्या कचेरीत त्या तापाइतका वेळेचा पक्का एकही माणूस नव्हता.

सरकारी दवाखान्यातून हिवतापावरच्या कोयनेलच्या पुड्या आणल्या. त्यात खडूची भुकटी मिसळली असावी असं मला वाटलं, म्हणून एक पुडी जिभेवर टेकवली. तो संशय तिथंच फिटला. संध्याकाळपर्यंत तोंड कडू होतं. गुळात घालून पुड्या मुलीला दिल्या. ताप आठवडाभर थांबला आणि परत आला. परत पुड्या, परत थांबला, परत आला. मग मी म्हशीच्या दुधावर संशय घेतला, विहिरीवर घेतला, अप्पांच्या सुनेनं मुलीला दिलेल्या बत्ताशावरही घेतला. मुलीचं पोट डावीकडे, प्लीहेच्या जागी, टणक लागू लागलं होतं. हातपाय मात्र काटक्या.

सासूबाईंनी एकदा तिच्या बरगडीखाली बोटं दाबली आणि दाराआडून म्हणाल्या, "पाणथरी वाढली. शनिवारी डाग द्यावा लागंल. खालच्या गल्लीत एक म्हातारी हाय, विळा तापवून देती. मी सांगून ठेवलंय तिला."

"विळा? दोन वर्षांच्या पोराच्या पोटावर?"

"मलाबी दिला होता. मेले का मी?"

 मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "शनिवारी तिच्या तापाची पाळी आहे. त्या दिवशी ताप नाही आला तर डाग नको. आला तर मी तुम्हाला विचारणार नाही."

तो मंगळवार होता.

बुधवारी मी दवाखान्यातल्या कंपाउंडरला घरी घेऊन आलो. तो हैदराबादचा, उंच, पान खाणारा, आणि आमच्या गावावर कायमचा नाराज. त्यानं आतल्या खोलीत पाऊल टाकलं आणि थबकला.

"मुन्शीजी, ये मकान है या संदूक?"

त्यानं आरसा मागितला. बायकोनं कुंकवाच्या पेटीतला दिला. तो अंगणात उन्हात उभा राहिला आणि आरशानं उजेडाचा एक तुकडा दारातून आत पाठवला. तो तुकडा भिंतीवरून हळूहळू सरकला. दांडीवर सासूबाईंची लुगडी वाळत होती. मी कंपाउंडरच्या सांगण्यावरून काठीनं ती हलवली. धूर उठावा तसे डास उठले. गोठ्याकडच्या भिंतीचा वरचा भाग मला आजवर मळकट वाटत होता. तो मळ नव्हता. तेही डासच होते, शेपटी वर करून बसलेले, आणि त्यातल्या पुष्कळांची पोटं लाल होती.

"दवा मैं देता हूँ, बुखार ये देते हैं," कंपाउंडर म्हणाला. "आप कहाँ सोते हैं?"

"माळवदावर."

"आपको बुखार आया?"

आला नव्हता. अप्पांची नातवंडंही दिवाळीपर्यंत माळवदावर झोपत, तीही धडधाकट होती. हे माझ्या डोळ्यांसमोर तीन महिने होतं.

आरशाचा उजेड मागच्या भिंतीवर गेला तेव्हा तिथं एक चौकोन दिसला. आजूबाजूची माती जुनी, मधली नवी. कोणीतरी झरोका बुजवला होता. मला एकदम सगळं लख्ख कळलं. मी तसाच अप्पांच्या दुकानात गेलो. चार गिऱ्हाइकं होती, ती माझ्या पथ्यावरच पडली.

"अप्पा, भाडं घेताव आणि उजेड काढून घेताव? आतल्या खोलीचा झरोका कोणी बुजवला?"

अप्पांनी शेंगदाणे मापता मापता मान वर केली. "बसा की, मुन्शीसाब. मी कशाला बुजवू? उलट मी नगं म्हणलो. तुमच्या सासूबाईनं माती कालवली, माझ्या गड्यानं भोक लिंपलं. दोन घमेली माती लागली. ईचारा घरी."

"मला न विचारता?"

"तुमाला ईचारूनच की. गडी दारात हुबा होता. तुमी लिवीत होताव. मान बी वर केली न्हाई, 'हो, हो, बुजवा' म्हणलाव."

गिऱ्हाइकांपैकी एक जण खोकला. मी शेंगदाण्यांचा भाव विचारला आणि काही न घेता परतलो.

वाटेत आठवलं. राहायला आल्याच्या पहिल्या आठवड्यातलीच गोष्ट. मागच्या बोळातून एक मूलबाळ नसलेली बाई रोज पाण्याला जाई आणि झरोक्यापाशी थांबून मुलीला हाक मारी, म्हणून सासूबाईंना तो नको होता. मी कचेरीतलं काम घरी आणलं होतं. हुकूम लांबलचक होता. पहिल्या सात ओळी हुजुरांच्या बिरुदावलीच्या, पुढच्या पाच तो ज्यांच्या मार्फत आला त्या अधिकाऱ्यांच्या, आणि शेवटी दीड ओळ अशी की रयतेनं राहत्या खोल्यांना हवा-उजेडासाठी झरोके ठेवावेत आणि जनावरं वेगळी बांधावीत, म्हणजे मुलांना ताप येणार नाही. मी त्याच्या अकरा नकला केल्या होत्या. बिरुदावलीत एक नुक्ता, म्हणजे अक्षराचं टिंब, चुकला म्हणून बारावी फाडली होती.

घरी आलो आणि पहार घेतली. दोन घमेली माती पाडायला फार वेळ लागत नाही.  चुलीपाशी सासूबाईंची भांडी बोलत होती. अप्पांनी, कदाचित चार गिऱ्हाइकांदेखत झालेल्या बोलण्यामुळे, जनावरं परसात हलवली. लुगडी उन्हात गेली, भिंतींना शेण लिंपलं, दोन दिवस कडुलिंबाचा धूर केला. तो खोकत खोकत आम्हीही घेतला. मुलगी आणि बायको माझ्याबरोबर माळवदावर झोपू लागल्या. मुलगी कठड्याकडे जाऊ नये म्हणून बायकोनं तिच्या कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं. पुड्या चालूच होत्या. गुरुवारी ताप आला, पण गोधडी एकच लागली. दुसरी मी घडी घालून ठेवली, पण फार लांब नाही.

शनिवारी कचेरीत गेलो नाही. दुपारी म्हातारी आली. मला वाटली होती तशी ती मुळीच नव्हती. लहानखुरी, हसरी, आणि विळा पदराखाली झाकून आणलेला. चुलीपाशी बसली. "किती वाजले म्हणायचे?" तिनं विचारलं.  बांग झाली. मुलगी माझ्या मांडीवर होती. बायको तिच्या ओठांकडे बघत होती, सासूबाई नखांकडे, मी तिघींकडे. सावली उंबऱ्यावरून आत आली. मुलगी मांडीवरून उतरली, म्हातारीपाशी गेली आणि तिच्या पदराखाली काय आहे ते ओढून बघू लागली.

"अगं माय, हात कापंल!" म्हातारी विळा मागे सरकवत म्हणाली.

मुलीनं भाकरी मागितली. सासूबाईंनी दुधात कुस्करून दिली. तिनं वाटी संपवली.

"जाते मी," म्हातारी उठली. "लागलं तर पुढच्या शनवारी सांगा."

"नाही लागणार," बायको म्हणाली. त्या घरात इतक्या ठामपणे कोणी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

सासूबाईंनी पुढे सांगितलं की त्यांनी देवीला बोललेलं फळाला आलं. कंपाउंडरनं श्रेय पुड्यांना दिलं. अप्पा दुसऱ्या भाडेकरूंना हवेशीर घर म्हणून झरोका दाखवू लागले. माझं म्हणाल तर मला या सगळ्यांचाच संशय होता, झरोक्याचाही; थंडी पडली होती आणि थंडीत डास तसेही कमी होतात. महिनाभर मी एक दिवसाआड दुपारी कचेरीतून काहीतरी सबब सांगून घरी येई आणि मुलीच्या कपाळाला हात लावी. सुरुवातीला ती लावू देई. पुढे तिला त्याचा कंटाळा आला. खेळता खेळता मान न वळवताच ती माझा हात झिडकारून टाकी, आणि मी परत कचेरीत जाई.