आडव्या वाऱ्याची सही

डोंबिवलीच्या एका शाळेत गणित शिकवणाऱ्या बाई माझ्यानंतर दोन महिन्यांनी विमान शिकायला आल्या आणि आडव्या वाऱ्याची सही माझ्या आधी घेऊन गेल्या. हे मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटलेलं नाही.

ही सही म्हणजे काय ते आधी सांगतो. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. कल्याणच्या पुढे युद्धाच्या काळात बांधलेली एक जुनी धावपट्टी होती. अर्धं डांबर उखडलेलं, अर्ध्यावर गवत. हवाई दलातून निवृत्त झालेले एक साहेब तिथे दोन माणसांचं छोटं विमान चालवायला शिकवायचे. विमान म्हणजे नळ्या, कापड आणि शेपटाला जेमतेम पुरेल एवढा पत्रा. नळ्या मला कळतात. कल्याणच्या फुटपाथवर वॉशर विकण्यापासून सुरुवात करून मी ठाण्यात पाइपचं आणि व्हॉल्व्हचं दुकान टाकलं. पहिल्या दिवशी मी विमानाखाली वाकून एकेक सांधा हलवून पाहिला.

"काय बघताय?" साहेबांनी विचारलं.

"माल."

"कसा वाटला?"

"बरा आहे. पण सांगताय त्या फीच्या लायकीचा नाही."

साहेबांनी फी कमी केली नाही. माझ्या आयुष्यात छापील भाव मोजायची ती पहिलीच वेळ. तिथेच आमचं बिनसलं.

धावपट्टी उत्तर-दक्षिण होती आणि वारा पश्चिमेचा, खाडीकडून येणारा. सकाळी तो झोपलेला असायचा. अकरा वाजले की उठायचा आणि पट्टीवर बरोबर आडवा पडायचा. शांत सकाळी एकट्याने उडायची परवानगी मला थंडीतच मिळाली होती. पण सकाळ ही दुकानाची वेळ. दुपारी एकट्याने उडायचं तर आडव्या वाऱ्यात चढता-उतरता येतं अशी साहेबांची वेगळी सही वहीत लागायची. मे महिना संपत आला होता. जूनमध्ये पट्टीचा चिखल होणार आणि पावसानंतर साहेब आपलं विमान घेऊन दुसरीकडे जाणार होते. सही मिळाली तर आत्ताच, नाहीतर कधीच नाही.

आडव्या वाऱ्यात चढणं मला दोन दिवसांत आलं. साहेबांनाही नवल वाटलं. मला नाही वाटलं, कारण तो सगळा मोलभाव होता. वारा डावीकडून येत असेल तर सुरुवातीलाच हातातला दांडा पूर्ण डावीकडे दाबून धरायचा, म्हणजे वाऱ्याला त्या बाजूचा पंख उचलता येत नाही. वेग वाढेल तसा दांडा हळूहळू सोडत आणायचा आणि पायाखालच्या पेडलने नाक सरळ ठेवायचं. पहिला भाव कडक सांगायचा आणि मग थोडं थोडं सैल व्हायचं. हे मी पंधराव्या वर्षापासून करत आलो होतो.

उतरण्याचं मात्र सगळं उलटं. वाऱ्याकडचा पंख किंचित खाली ठेवून यायचं, त्या बाजूचं चाक आधी टेकवायचं, मग दुसरं, मग पुढचं. आणि वेग कमी होईल तसा दांडा सोडायचा नाही, उलट जास्त जास्त दाबत न्यायचा, विमान पूर्ण थांबेपर्यंत. चाक टेकेपर्यंत माझं सगळं ठीक असायचं. चाक टेकलं की मी "झालं!" म्हणून दांडा सोडायचो आणि दोन्ही हात झटकायचो. बाजारात सौदा ठरला की आम्ही असेच हात झटकतो. मी हात झटकले की वारा पंखाखाली शिरायचा, विमान एका बाजूला उचललं जायचं आणि नाक वाऱ्याकडे वळवून गवतात घुसायचं.

"अहो, सोडलात का?" साहेब ओरडायचे.

"उतरलं की!"

"उतरलं नाही. टेकलं."

"मग फरक काय?"

"फरक तुम्ही आत्ता गवतात बसून विचारताय, हा."

पट्टीच्या कडेला एक आगरी बाबा म्हशी चारत असायचे. ही जमीन त्यांच्या वडिलांची होती. युद्धाच्या वेळी सरकारने घेतली आणि परत दिली नाही. त्यामुळे पट्टीवर जे काही बिघडेल त्यात बाबांना समाधान होतं. मी गवतात घुसलो की ते काठी टेकत यायचे.

"काय शेट, आज पन आरवाच?"

"बाबा, म्हशी सांभाळा."

"म्हशी सरल चालतान. तुमीच आरवे जाता. आमची बैलगारी पन अशी नाय जात."

मी त्यांच्यावर खूप ओरडायचो. ते ऐकून घ्यायचे, तंबाखू मळायचे आणि पुढचं विमान बघायला बसून राहायचे.

अशात बाईंना सही मिळाली. मी वही मागून बघितली. खरंच होती. त्या संध्याकाळी माझं डोकं इतकं तापलं की दुकानात आल्या आल्या मी आमच्या गल्लीतल्या टाइल्सवाल्याला सांगितलं, "रविवारी दुपारी चार वाजता या. एकटा उडणार आहे, वाऱ्यात." त्याने रंगवाल्याला सांगितलं, रंगवाल्याने कुलूपवाल्याला. रात्री दुकान बंद करताना कळलं की आठ जण येणार आहेत आणि टेंपोही ठरला आहे. फक्त सही तेवढी नव्हती.

रविवारी मी सकाळीच पट्टीवर पोचलो आणि साहेबांना सगळं सांगून टाकलं.

"सहीच्या आधी आमंत्रण?" साहेब म्हणाले.

"तुम्ही द्यालच या भरवशावर."

"दहा वेळा बरोबर उतरवा, देतो."

"तीन."

"अहो, ही काय भाजी आहे?"

"पाच. सलग पाच. जाऊ द्या."

साहेबांनी माझी वही मिटून पंखावर ठेवली. मग म्हणाले, "एकच करा. पण पूर्ण करा." मी लगेच सावध झालो. जो माणूस दहावरून एकदम एकावर येतो त्याच्या मालात खोट असते. अकरा ते दोनपर्यंत आम्ही सात वेळा उतरलो आणि सातही वेळा माझे हात आपोआप झटकले गेले. शेवटी तर मी मुठी आवळून ठेवल्या होत्या, तरी सुटले.

दोन वाजता चहाला थांबलो. बाई झाडाखाली पेपर तपासत बसल्या होत्या. मी त्यांना विचारणार नव्हतो, पण आठ माणसं टेंपोत बसून निघायची वेळ झाली होती.

"बाई, तुमचं विमान वळत कसं नाही?"

"अहो शेठ, तुम्ही उत्तर आलं की वही मिटता," लाल पेन न थांबवता त्या म्हणाल्या. "मी ताळा करते. उत्तर आलं म्हणजे गणित संपत नाही."

"आमच्या धंद्यात संपतं."

"मग माल ट्रकमधून आपोआप उतरतो का?"

मी चहा तसाच ठेवला. सौद्यावर हात झटकणं ही मी शेठ झाल्यावर लागलेली सवय होती. त्याआधी सहा वर्षं मी हातगाडीवरून वीस फुटी पाइप स्वतः उतरवले होते. पाइपचं एक टोक जमिनीला टेकलं म्हणून दुसरं कोणी सोडत नाही. सोडलं तर पायाच्या बोटांचा भुगा होतो. उलट पाइप जमिनीच्या जवळ येतो तशी पकड घट्ट करावी लागते. माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्यातच गेलेलं आहे. इतके दिवस मी शेठ म्हणून उतरत होतो. हमाल म्हणून उतरायला हवं होतं.

आठव्या वेळी चाक टेकलं आणि मी अंगठ्याची आठवण ठेवली. वेग कमी होत गेला तसा दांडा डावीकडे आणखी आणखी दाबत गेलो. विमान पट्टीच्या मधोमध थांबलं. साहेबांनी इंजिन बंद केलं.

"सोडा आता."

"थांबलं का नक्की?"

"अहो, मी खाली उतरलोय. सोडा."

बाहेर उभं राहून पंखावर वही ठेवून त्यांनी सही केली. मी ती वाळेपर्यंत फुंकर घालत होतो.

चार वाजता टेंपो आला. आठ जण, एक हार आणि समोशांची पिशवी. वारा ऐन भरात होता. मी एकटा विमानात बसलो, कडक सुरुवात करून सैल होत वर चढलो, एक चक्कर मारली आणि खाली आलो. डावा पंख खाली, डावं चाक आधी, मग उजवं, मग पुढचं. शेवटपर्यंत धरून ठेवलं. विमान पट्टीच्या मधल्या रेषेवर थांबलं. आयुष्यात इतकं नेमकं मी काही केलेलं नव्हतं.

खाली उतरलो तर हार कोणी पुढे केला नाही. टाइल्सवाला पुढे आला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ दे रे. जीव वाचला हे महत्त्वाचं."

"काय?"

"किती वाकडा आलेलास! एकाच चाकावर! आम्ही डोळेच मिटले."

"अरे, तसंच उतरायचं असतं वाऱ्यात!"

"हो हो," रंगवाला म्हणाला. "समोसा खा. पाणी पी आधी."

मी तळहात तिरका करून दाखवला. वारा इकडून, पंख इकडे. ते सगळे मान डोलवत होते, आजारी माणसाजवळ डोलवतात तशी. मी साहेबांना बोलावलं. साहेब म्हणाले, "उत्तम उतरवलं. याच्यापेक्षा चांगलं मी मागितलं नसतं." त्यावर कुलूपवाला हळूच शेजारच्याला म्हणाला, "बघ, माणूस किती सभ्य आहे." शेवटी मी वही उघडून त्यांच्या नाकासमोर धरली.

"ही सही बघा! आजची!"

"सही काय रे, मिळते," टाइल्सवाला म्हणाला. "तुझं बोलणंच तसं आहे. तू कोणाकडूनही घेशील."

माझा आवाज चढला. म्हशी पांगल्या. मी आठही जणांना एकेक करून सांगितलं की कोणाला विमानातलं काय कळतं, कोणाच्या टाइल्स भिंतीवर सरळ बसत नाहीत आणि कोणाची कुलपं हेअरपिनने उघडतात. म्हशी वळवून आलेले बाबा गर्दीत घुसले.

"आज शेट सरल उतरले," ते म्हणाले. "मी रोज बघतय."

"हे कोण?" रंगवाल्याने विचारलं.

"जमिनीचे मालक," मी म्हणालो. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि तंबाखूची डबी पुढे केली.

तरी कोणाला पटलं नाही. "पुन्हा दाखवतो!" मी म्हणालो. साहेबांनी आकाशाकडे बघितलं. "जा," एवढंच म्हणाले. भांडणात सहा वाजत आले होते आणि रागाच्या भरात मी वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीकडे बघितलंच नव्हतं. वर गेल्यावर बघितली. ओल्या पायजम्यासारखी खांबाला लटकत होती. वारा पूर्ण पडला होता. तिरकं यायला काही कारणच उरलं नव्हतं. दुसरीतलं पोरही उतरवेल असं ते विमान सपाट आलं आणि मागची दोन्ही चाकं एकदम टेकली.

टाळ्यांचा आवाज मला इंजिनातूनही ऐकू आला.

"हां! आता शिकलास!" टाइल्सवाला धावत आला आणि त्याने हार माझ्या गळ्यात घातला. "दोन तासांत किती फरक पडला बघ!"

बाई पेपरांचा गठ्ठा बांधत हसत होत्या. मी तोंड उघडलं, आठही चेहरे बघितले आणि एक समोसा मागितला.