जिंकणारीने चहा टाकायचा

शेवगावात आमच्या ओट्यावर रोज दुपारी चारला रमीचा डाव बसतो. सासूबाई, धाकटी जाऊ, शेजारच्या शिलाईवाल्या काकू आणि मी. पैशांऐवजी चिंचोके. नियम सासूबाईंचा: जी जिंकेल तिने उठून चहा टाकायचा, आणि चहा आला की पत्ते डब्यात. हरलेलीने कितीही तोंड वाकडं केलं तरी दुसरा डाव नाही.

मला हा नियम कायम अन्यायाचा वाटायचा. जिंकून वर काम कशाला?

मग मी मोबाईलवर रमी घेतली, फुकटची. आठवडाभरात भाजी निवडताना, कुकर लावताना, सगळीकडे पत्ते. चारच्या डावाला मी डोकेदुखी सांगायला लागले. काय चाललंय ते मला कळत होतं, म्हणून मी घरचाच नियम लावला. जिंकले की उठायचं, चहा करायचा. एके दिवशी बारा वाजेपर्यंत चार चहा झाले. पित्त उसळलं, पण कप घेऊन मी परत मोबाईलपाशीच. तेवढ्यात स्क्रीनवर आलं: पैसे भरा, मोठ्या डावात बसा. बोट तिथवर गेलंही होतं.

"पाव्हणे आलेत का गं?" सासूबाई दारात उभ्या.

"नाही."

"मंग चहा कुनाला?"

"मोबाईलवर रमी जिंकले."

"समोर कोन बसलंय?"

"माहीत नाही."

"मंग पत्ते डब्यात कोन ठिवनार?"

मी बोट मागे घेतलं. पैसे भरले नाहीत. तो खेळच मोबाईलमधून काढून टाकला आणि चारला ओट्यावर जाऊन बसले.

"ताई, डोकेदुखी रजेवर गेली वाटतं!" जावेने पहिलं पान टाकायच्या आधीच टोमणा मारला.

त्या दिवशी सासूबाईंचा डाव केव्हाच लागला होता. पण गुडघे दुखत होते, म्हणून त्या पत्ते उघडत नव्हत्या. काकूंनी वाकून बघितलं आणि त्या ओरडल्या, "मावशी, लबाडी!"

"तुझं शिवणाचं बघ," सासूबाईंनी सुनावलं आणि चांगलं लागलेलं पान खुशाल टाकून दिलं. नेमकं तेच मला हवं होतं. उचललं, डाव लावला.

"ऊठ!" तिघी एकदम म्हणाल्या.

दिवसातला पाचवा चहा. मी आधण ठेवलं तेव्हा बाहेर हसण्याचा गोंधळ चालू होता.

"आलं जास्त घाल," सासूबाई ओरडल्या. पाठोपाठ पत्त्यांच्या डब्याचं झाकण वाजलं.