वानखेडे मावशींचा रविवार

मंगळवारी दुपारी गोमती नगरच्या ऑफिसात मीटिंग चालू असताना वानखेडे मावशींच्या शेजारणीचा फोन आला. "दीदी, मावशी नहीं रहीं. सुबह उठीं, पूजा वाले कमरे तक गईं, बस…" त्याला आता पाच आठवडे झाले.

मावशी म्हणजे माझ्या आईची मैत्रीण, मूळच्या नागपूरच्या. नवऱ्याच्या, म्हणजे काकांच्या, सरकारी नोकरीमुळे लखनौला आल्या, इथल्याच एका बँकेत सगळी नोकरी केली आणि काका गेल्यावरही वृंदावन योजना या वसाहतीतलं घर सोडून परत गेल्या नाहीत. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी त्या नुकत्याच कमावू लागलेल्या पोरापोरींना पगार महिनाभर कसा पुरवायचा ते शिकवत. फी नाही, फळा नाही. सतरंजीवर सात-आठ जण, त्यांचं मराठी, आमचं हिंदी… मला आईनंच धाडलं होतं. नोकरीला लागून वर्ष झालं तरी वीस तारखेनंतर मी स्कूटीच्या पेट्रोलला तिच्याकडेच हात पसरत होते.

मावशींची रीत वेगळी होती. प्रत्येकानं एक आठवडा त्यांच्याकडे राहून त्यांचं घर चालवायचं. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी किराणा, भाजी, दूध, सगळ्याचे पैसे माझ्या हातात ठेवले. "हे संपले की संपले. मी मधे बोलणार नाही." मी पहिल्याच दिवशी पनीर आणलं, मग आंबे, मग केक. बुधवारी पाकीट रिकामं. गुरुवारपासून आम्ही दोघी नुसता डाळभात खात होतो. शनिवारी दूधही नव्हतं. मावशींनी कोरा चहा करून घेतला आणि पेपर उघडला. मला ते बघवेना.

"मावशी, मी माझ्या पैशांनी दूध आणते."

"आहेत का तुझ्याकडे?"

नव्हते. आणि मग माझा बांध फुटला. दोन क्रेडिट कार्डं, एकाचं बिल भरायला दुसरं, रोज वसुलीवाल्यांचे फोन… घरी कुणालाच माहीत नव्हतं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं. "पैसे मी देऊ शकते गं, पण देणार नाही. आधी बाबांना सांग."

"ते ओरडतील."

"काहून ओरडतील? आणि ओरडले तर ऐकून घे. मी येते सोबत."

त्याच संध्याकाळी आम्ही गेलो. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले इंजिनिअर, मोजकं बोलणारे. माझं सांगून होईपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "एवढंच ना? दोन महिने तू जेवताना मान वर करत नव्हतीस. मला वाटलं, नोकरी गेली."

फेडायला चौदा महिने लागले. मावशींनी एकही महिना चुकू दिला नाही, आणि फिटल्यावर हप्त्याएवढीच रक्कम दरमहा बाजूला टाकायला लावली. गेल्या हिवाळ्यात बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. हॉस्पिटलच्या काउंटरवर आगाऊ रक्कम मागितली, ती मी कुणालाही फोन न करता भरली. मग मात्र मावशींना केला. "मावशी, भरले मी. माझेच."

त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई. आता काहीतरी खाऊन घे." बाबा आता सकाळी फिरायला जातात.

गेल्या रविवारी निशा नावाची मुलगी माझ्याकडे आली. चिनहटच्या एका कारखान्यात नुकतीच लागलेली. मावशी गेल्याचं तिला माहीत नव्हतं, त्यांच्या बंद दाराशी उभी होती, शेजारणीनं माझा पत्ता दिला. आमच्या हॉलमध्ये बसून इकडचं तिकडचं बोलत राहिली. आईची स्वयंपाकघरातून ये-जा चालली होती. मग निशा हळूच म्हणाली, "दीदी, एक बात है… घर में किसी को नहीं पता."

मावशींची एक सवय सांगायची राहिलीच. कुणी असं बोलू लागलं की कागद-पेन घेण्याआधी त्या त्याला आतल्या खोलीत नेत, स्वतःच्या हातानं दार लोटून घेत आणि समोर नाही, शेजारी बसत.

मी निशाला माझ्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि तिच्या शेजारी बसले.